दारावरची थाप : प्लेगच्या झडतीपासून वृद्धांच्या गृहभेटीपर्यंत

१/
चिंचवडगावातील चापेकर चौक आणि तेथील शिल्प सर्वांच्या परिचयाचे आहे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यातील गणेशखिंड रस्त्यावर रँड या अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली, हेही शाळेत शिकवले जाते. त्या घटनेच्या मुळाशी असलेला विषय मात्र क्वचितच स्वतंत्रपणे मांडला जातो. तो विषय म्हणजे गृहभेट. आरोग्याच्या नावाने सरकारचा माणूस घराच्या दारावर थाप मारतो, तेव्हा काय घडते? या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचे अखेरचे प्रकरण आज पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यात उघडले जात आहे. ते प्रकरण थकलेल्या वृद्धांचे आहे. #थ्रेड

२/
१८९६ मध्ये मुंबईत प्लेग अवतरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्च ते मे या काळात सुमारे नऊशे अधिकारी व शिपाई या कामी लावण्यात आले. घरोघर झडती घ्यायची, रुग्ण सापडला की त्याला प्लेगच्या रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत धाडायचे, अशी पद्धत होती. सैनिक स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरतात, स्त्रियांची उघड्यावर तपासणी होते, सामान जाळले जाते, अशा तक्रारींनी शहर पेटले.

३/
मूळचे चिंचवडचे असलेले दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर याच संतापातून पुढे आले. रँड काही दिवसांनी मरण पावला. दामोदर, बाळकृष्ण आणि त्यांचा धाकटा भाऊ वासुदेव या तिघांनाही फाशी झाली. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या घटनेचे स्थान ठरलेले आहे. आरोग्याच्या इतिहासात तिचा आणखी एक अर्थ निघतो. रोग शोधण्यासाठी घरात शिरणे हे काम उपयुक्त असू शकते. पण घरच्यांची संमती नसेल, तर त्याला उपचार म्हणत नाहीत, त्याला झडती म्हणतात. रुग्ण लपवले जाऊ लागले, ते या भीतीपोटीच.

४/
त्याच मार्च महिन्यात पुण्याच्या परिसरात दुसऱ्या प्रकारची गृहभेटही चालू होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगितले जाते. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले. एकच महिना, एकच रोग आणि दाराशी येणारी दोन वेगळी माणसे. एकाच्या हाती हुकूम होता, तर दुसऱ्याला वस्तीने आपले मानले होते.

५/
स्वातंत्र्यानंतर सरकार पुन्हा दाराशी आले, या वेळी हिवतापासाठी. १९५८ मध्ये राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. साधारण दहा हजार लोकसंख्येमागे एक कर्मचारी असे. तो दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जाई, कोणाला ताप आला का विचारी, रक्ताचा नमुना घेई आणि भेटीची तारीख भिंतीवर नोंदवी. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. १९६० च्या दशकाच्या मध्याला हा आकडा एक लाखाच्या आसपास आला. त्यात फवारणीचा वाटा मोठा होता. तसाच भिंतीवरच्या त्या तारखांचाही होता.

६/
पुढे देवीच्या रोग्यांचा शोध आला. १९७३ पासून घरोघर शोधमोहिमा झाल्या आणि मे १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. मग पोलिओ आला. दारावर खडूने केलेल्या खुणा त्या पिढीतील प्रत्येकाला आठवतात. मार्च २०१४ मध्ये या प्रदेशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. या सर्व मोहिमांत एक समान सूत्र दिसते : रोग सांसर्गिक होता. एका घरातील रोग शेजारच्या घराला धोका होता, म्हणून सरकार प्रत्येक दाराशी गेले.

७/
महाराष्ट्राने गृहभेटीला दुसरी दिशा दिली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. यांतील अनेकजणी निरक्षर होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून नवजात बाळांच्या घरी आरोग्यदूत पाठवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते.

८/
२०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांनी ही पद्धत स्वीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा भेटी : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. प्रत्येक भेटीत काय पाहायचे, ते ठरलेले. नोंदीचा तक्ता ठरलेला. सर्व भेटी पूर्ण झाल्यावर मिळणारा २५० रुपयांचा मोबदलाही ठरलेला. येथे संसर्गाची भीती नव्हती. दुबळा जीव स्वतः दवाखान्यात जाऊ शकत नाही, म्हणून दवाखान्यानेच त्याच्याकडे जायचे, हा विचार त्यामागे होता.

९/
हाच विचार आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला लावला, तर 'वृद्धांची प्रतिबंधात्मक गृहभेट' तयार होते. आजार बळावल्यावर डॉक्टरांनी घरी येणे निराळे. येथे भेट आधीच होते. वजन नकळत घटणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे, अशी पाच लक्षणे २००१ मध्ये अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी निश्चित केली. यांपैकी तीन आढळली, तर ती व्यक्ती जराजर्जर समजावी, असा त्यांचा निकष. या अवस्थेत एक साधा ताप किंवा मोरीतला एक पाय घसरणेही माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते.

१०/
ही कल्पना जन्मली कुठे? १९६४ मध्ये एडिंबरा येथे डॉ. विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी दोनशे वृद्धांची तपासणी केली. ही माणसे डॉक्टरांच्या यादीत होती, म्हणजे उपचारांपासून वंचित नव्हती. तरीही त्यांच्या निम्म्याहून अधिक व्याधी त्यांच्या डॉक्टरांना ठाऊकच नव्हत्या. पाय दुखणे, लघवीचा त्रास, विसरभोळेपणा, उदासी, या साऱ्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही 'वयोमान' म्हणत होते. 'त्रास झाला तर माणूस स्वतःच येईल' हे गृहीतक वृद्धांच्या बाबतीत खोटे ठरते, हे या पाहणीने दाखवले.

११/
पुढचे पाऊल डेन्मार्कने टाकले. कोपनहेगनचे उपनगर असलेल्या रोडोव्हर येथे १९८० पासून तीन वर्षे एक प्रयोग झाला. ७५ वर्षांवरील २८५ जणांच्या घरी दर तीन महिन्यांनी भेट दिली गेली. २८७ जणांच्या घरी दिली गेली नाही. भेट मिळालेल्या गटात २१९ वेळा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, दुसऱ्या गटात २७१ वेळा. मृत्यू अनुक्रमे ५६ आणि ७५. या आकड्यांनी राजकारण्यांना हलवले. १९९६ मध्ये डेन्मार्कने ८० वर्षांवरील आणि १९९८ पासून ७५ वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला वर्षातून दोन गृहभेटी देऊ करणे नगरपालिकांवर कायद्याने बंधनकारक केले.

१२/
त्या कायद्यातील 'देऊ करणे' हा शब्द महत्त्वाचा. वृद्धाला नकार देण्याचा अधिकार आहे. १८९७ च्या पुण्यात हाच अधिकार कोणाला नव्हता. कालांतराने डेन्मार्कने भेटींची संख्या कमी केली, कारण पुढील संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र होते. ब्रिटनने १९९० मध्ये ७५ वर्षांवरील सर्वांची वार्षिक तपासणी डॉक्टरांच्या करारात घातली आणि २००४ मध्ये ती काढून टाकली. त्याच वर्षी तेथील एका मोठ्या अभ्यासात अशा सरसकट तपासणीचा फायदा जेमतेमच असल्याचे दिसले. २००२ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष अधिक नेमका होता : एकदाच येऊन प्रश्नावली भरल्याने फारसे काही साधत नाही, शरीर, मन, घर आणि औषधे यांची एकत्र पाहणी आणि पुन्हा पुन्हा भेट असेल, तर उपयोग होतो.

१३/
आता हा धागा पुन्हा पिंपरीत आणू. या पट्ट्याचा आधुनिक इतिहास फाळणीनंतरच्या निर्वासित सिंधी कुटुंबांच्या छावणीपासून सुरू होतो. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना येथे उभा राहिला. पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. भारतीयांचे आयुर्मान वाढवणाऱ्या औषधांपैकी एक औषध येथे बनत होते. ज्या परिसराने दीर्घायुष्याला हातभार लावला, त्यालाच आता त्या दीर्घायुष्याची व्यवस्था लावायची आहे.

१४/
१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आणि त्यांच्या आधाराने शेकडो लहान कारखाने आले. सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेश, कोकण येथून तरुण आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या दहा लाखांवर गेली, २०११ मध्ये सतरा लाखांवर. ही तरुणांची नगरी होती. तिच्या रचनेत पाळणाघर, शाळा, बसथांबा यांचा विचार होता. जिना चढू न शकणाऱ्या माणसाचा विचार नव्हता, कारण तो माणूस तेव्हा येथे नव्हताच.

१५/
साधे गणित करून पाहावे. १९७० मध्ये वीस-पंचवीस वर्षांचा असलेला कामगार १९४५ ते १९५० च्या दरम्यान जन्मलेला. आज तो पंचाहत्तरी ओलांडून ऐंशीकडे निघाला आहे, म्हणजे डेन्मार्कच्या कायद्याने ज्या वयापासून दारावर थाप मारायचे ठरवले, नेमक्या त्या वयात. या पट्ट्यातील औद्योगिक कामगारांची पहिली मोठी पिढी एकाच वेळी म्हातारी होत आहे. पाळ्यांत काम करून उभारलेली दोन खोल्यांची घरे तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट सर्वत्र नाही.

१६/
या पिढीच्या आरोग्याची व्यवस्था कारखान्याशी बांधलेली होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात प्रथमोपचार व रुग्णवाहिका कक्ष आवश्यक केला. धोकादायक प्रक्रियांत काम करणाऱ्यांची नियमित तपासणीही बंधनकारक झाली. कामगार राज्य विमा योजनेचा दवाखाना होताच. म्हणजे माणूस कामावर असताना त्याची प्रकृती पाहणारे कोणीतरी ठराविक काळाने समोर येत होते. निवृत्तीच्या दिवशी गेटपास परत केला की ही पाहणीही थांबली.

१७/
विमा योजनेत निवृत्तांसाठी एक तरतूद आहे. किमान पाच वर्षे विमाधारक असलेला निवृत्त कामगार वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सुविधा घेऊ शकतो. तरतूद चांगली आहे; परंतु पगाराची मर्यादा ओलांडून योजनेबाहेर गेलेल्यांना दीर्घकाळ तिचा लाभ नव्हता. शिवाय दवाखान्यापर्यंत जाणे वृद्धालाच भाग असते. जो जिना उतरू शकत नाही, त्याच्यासाठी दोन किलोमीटरवरचा दवाखाना आणि दोनशे किलोमीटरवरचा दवाखाना यांत फरक उरत नाही.

१८/
चाकणची कथा थोडी निराळी. १९९९ मध्ये बजाजचा, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना येथे सुरू झाला. येथील वृद्ध बहुधा कामगार नव्हते, शेतकरी होते. जमिनी गेल्या, काहींच्या हाती पैसा आला, मुले ठेकेदारीत, वाहतुकीत किंवा कंपनीत गेली. पूर्वी म्हातारा माणूस खळ्यावर, ओट्यावर, पारावर चारचौघांच्या नजरेत असे. दोन दिवस दिसला नाही, तर कोणीतरी डोकावे. ही गावची अलिखित गृहभेट होती. शेजारच्या खोल्यांत परप्रांतीय भाडेकरू आले, सून-मुलगा वेगवेगळ्या पाळ्यांत गेले आणि ही नजर हळूहळू विरली.

१९/
याच पट्ट्याच्या पूर्वेला शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक आहे. इतिहासप्रेमींना ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत असते. आरोग्याच्या इतिहासातही या गावाचे स्थान आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातल्या स्त्री-पुरुषांना आरोग्यरक्षक म्हणून तयार करणे हा त्याचा गाभा होता. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२०/
२००२ पासून वढू परिसरातील २२ गावांत दर सहा महिन्यांनी प्रत्येक घराला भेट देऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद ठेवली जाऊ लागली. २००७ च्या सुमारास येथे पन्नाशीपुढच्या हजारो व्यक्तींना त्यांच्या प्रकृतीविषयी आणि दैनंदिन कामांतील अडचणींविषयी विचारण्यात आले. आफ्रिका व आशियातील आठ ठिकाणी झालेल्या जागतिक अभ्यासाचा हा भाग होता. वय वाढते तशी प्रकृती खालावते आणि स्त्रियांची स्थिती पुरुषांहून वाईट असते, हे चित्र त्यातून दिसले. हा संशोधनाचा उपक्रम होता, शुश्रूषेचा नव्हे. पण औद्योगिकीकरणाच्या झपाट्यातही घरागणिक यादी ठेवता येते आणि दर सहा महिन्यांनी त्याच दाराशी परत जाता येते, हे त्याने दाखवून दिले.

२१/
सरकारी धोरणात वृद्ध उशिरा आले. १९९९ मध्ये ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २०१०-११ मध्ये राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. घराबाहेर पडू न शकणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी उपकेंद्राच्या कर्मचाऱ्याने जावे, घरच्यांना शुश्रूषा शिकवावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पुढे आशांच्या तपासणी फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आले : उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरायला होतो का? कागदावर गृहभेट आहे. बाळाच्या सहा दिवसांइतके ठसठशीत वेळापत्रक मात्र तिला लाभलेले नाही.

२२/
करोनाकाळाने ही उणीव उघडी केली. १८९७ चाच साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. पथके दिवसाला साधारण पन्नास घरांना भेटी देत, ताप आणि प्राणवायू मोजत, मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांची नोंद करत. अशा दोन फेऱ्या झाल्या. इतक्या मोठ्या प्रमाणावर राज्याने घरातल्या ज्येष्ठांची विचारपूस क्वचितच केली असेल. साथ ओसरली आणि ही विचारपूसही ओसरली.

२३/
२०२१ मध्ये लस आली, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्यांचे काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. घरोघर लसीकरण शक्य नाही, अशी भूमिका केंद्राने घेतली होती. जूनअखेर राज्य सरकारने न्यायालयाला सांगितले की प्रायोगिक प्रारंभ पुण्यातून होईल. सप्टेंबरमध्ये केंद्रानेही मुभा दिली. या साऱ्या खटाटोपात एक मूलभूत अडचण समोर आली : घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची तयार यादीच नव्हती. नातेवाइकांनी कळवावे, असे आवाहन करावे लागले. ज्याला कळवणारे कोणी नव्हते, तो यादीत आलाच नाही.

२४/
म्हणून या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. चापेकरांच्या काळाने शिकवले की दार आतून उघडले गेले पाहिजे. हिवतापाच्या भिंतीवरील तारखांनी आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूतांनी शिकवले की तेच ओळखीचे माणूस ठरलेल्या दिवशी परत आले पाहिजे. वढूच्या नोंदींनी आणि लसीकरणाच्या फजितीने शिकवले की आधी यादी हवी. या तिन्ही गोष्टी महाराष्ट्राने वेगवेगळ्या रोगांसाठी, वेगवेगळ्या वेळी करून पाहिल्या आहेत. वृद्धांसाठी त्या एकत्र आणणे बाकी आहे.

२५/
अशा भेटीत यंत्रे फारशी लागत नाहीत. मोरीची फरशी ओली आहे का, संडासात धरायला दांडी आहे का, उंबरठ्यावर पाय अडखळतो का, गोळ्यांच्या पट्ट्यांत एकच औषध दोन नावांनी चालू आहे का, उभे राहिल्यावर चक्कर येते का, चष्म्याचा नंबर केव्हा तपासला, भाकरी चावता येते की चहा-बिस्किटांवर दिवस निघतो आणि या आठवड्यात कोणाशी बोलणे झाले, एवढे पाहायचे असते. वृद्धापकाळाचा अशक्तपणा सांसर्गिक नाही. तो शेजारच्या घराला धोका देत नाही, म्हणूनच त्याच्यासाठी कधी मोहीम निघाली नाही.

२६/
चापेकर चौकाच्या आसपासच्या इमारतींत आजही अनेक निवृत्त कामगार राहतात. कोणी टेल्कोचे, कोणी बजाजचे, कोणी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे. या नगरीचा औद्योगिक इतिहास लिहायचा, तर पहिले साधन म्हणजे त्यांच्या आठवणी. त्या टिपायला जाणारा विद्यार्थी ओलसर फरशी आणि औषधांचा डबाही पाहील, तर ती भेट दोन्ही अर्थांनी उपयोगी ठरेल. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा जावे.
(समाप्त)